तहमीना ब्रेकची हवा काढते तेव्हा

कारेगावात बोलवा आहे की तहमीना शेख ब्रेकचं ऑइल पिते. किराणावाल्या शेवंताबाईंनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गाडीपुढं बसली होती, खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली आन् तोंडाशी नेली. "पोरीचं काळीज जळंल एक दिवस," असंही त्या सांगतात, आणि सांगताना बटाटे जोखायचे थांबत नाहीत.

खरं एवढंच, की बाटली तोंडाशी नाही, डोळ्यांशी जाते. ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढताना जुनं ऑइल त्या बाटलीत पडतं आणि तहमीना ते उन्हात धरून बघते. कोऱ्या चहासारखं काळपट असलं तर अजून काढायचं, पिवळसर आलं की बास. ही अफवा मी उठवलेली नाही. मला सुचली असती तर उठवली असती.

तहमीना चोवीस वर्षांची, शेखलालचाचांची थोरली. चाचांचं पंक्चरचं दुकान होतं, पण आता गुडघे त्यांना खाली बसू देत नाहीत. ती रांजणगावला कंपनीत पार्ट तपासते आणि रविवारी घरोघरच्या गाड्या करते. आमच्या आप्पांचा तिचं नाव घेताना आवाजच बदलतो. "हात हाय पोरीला," म्हणतात. मी सरपंचांची नक्कल करते, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरची करते, शिरूरच्या कॉलेजातल्या मॅडमची करते. आप्पा पोट धरून हसतात आणि हसून झालं की म्हणतात, "व्हय, नकलाच कर तू."

आप्पांची मोटरसायकल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मला ती फक्त पुसायला मिळते. त्या रविवारी पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट मुठीला टेकत होता, आणि सोमवारी आप्पांना पहिल्या शिफ्टला हायवेनं जायचं होतं. म्हणून तहमीनाला बोलावलं. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आप्पा तिला म्हणाले, "ब्रेक झाला की तूच एक राउंड मारून बघ." तूच. मी ओट्यावर मेथी निवडत होते, हातातली जुडी पिरगळली गेली.

तिनं टाकीवर ओलं फडकं टाकलं, कारण हे ऑइल रंग खातं. मग चाकापाशी बसून ब्रेकच्या निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या बारक्या तोटीला, पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. आप्पा सीटवर, हात लिव्हरवर. आप्पांनी दाबून धरायचं, तिनं पान्यानं निपल सैल करायचं, बुडबुडे बाहेर आले की निपल बंद करायचं, आणि मगच आप्पांनी सोडायचं. आधी सोडलं तर हवा उलटी आत जाते.

"दाबा मामा. धरा. सोडा."

"दाबा" ती जरा ओढून म्हणते, "धरा" खालच्या पट्टीत, आणि "सोडा" असं, की दार लोटल्यासारखं वाटावं. चार वेळा ऐकलं आणि माझ्या जिभेवर बसलं. पाचव्यांदा ती "धरा" म्हणाली, निपल उघडलं, आणि मी मागून तिच्या आवाजात म्हणाले, "सोडा."

आप्पांनी सोडलं. नळीतले बुडबुडे माघारी वर चढले.

तहमीनानं झटकन निपल बंद केलं. "मी सोडा म्हणलेच न्हाई, मामा."

आप्पा माझ्याकडं वळले. मला एकाएकी मेथीत फार काम निघालं. वाटलं, आता ही ओरडेल. तिनं नुसता फडक्याला हात पुसला.

"वैशे, उद्या मामा कंटेनरच्या मागं असत्याल आन् ब्रेक लागणार न्हाई. तवा कुणाचा आवाज काढशील?"

ते लागलं. लागलं म्हणूनच मी जास्त चढले. म्हणाले, तुझं सगळं तोंडावरच चालतं, तोंड न उघडता करून दाखव. झालं तर महिनाभर तुझी नक्कल बंद, नाही झालं तर पहिला राउंड माझा. आप्पा नको म्हणायच्या आत ती "चालतंय" म्हणून मोकळी झाली.

तिनं आप्पांना खूण ठरवून दिली. पुढच्या चाकाच्या दांडीवर पान्याचा एक टोला, म्हणजे दाबून धरा. दोन टोले, म्हणजे सोडा. टक. टकटक. टक. टकटक. मी कान लावला. हे तर बोलण्याहून सोपं. तिनं निपल उघडल्याबरोबर मी जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, इतकं हुबेहूब की क्षणभर मलाच खरं वाटलं. आप्पांचा हात हलला नाही. परत केलं, तरी नाही. तहमीना मान खाली घालून हसत होती. निपल बंद करून तिनं दांडीवर दोन टोले दिले, तेव्हाच आप्पांनी सोडलं.

"ऐकू येतंय गं तुझं," आप्पा म्हणाले. "पर तिचं हाताला लागतंय."

टोला लोखंडातून थेट त्यांच्या तळव्यात जात होता. तिथवर माझी जीभ पोचत नाही.

ऑइल पिवळं आलं. लिव्हर अर्ध्यावर येऊन दगडासारखा थांबला. तहमीना चौकापर्यंत जाऊन वळली आणि माझ्या चपलेपासून वीतभरावर गाडी उभी केली. आप्पा हसले नाहीत, नुसते बघत राहिले. तसं ते माझ्या सरपंचाकडं कधी बघत नाहीत.

महिना संपायला अजून अकरा दिवस आहेत. शेवंताबाई बटाटे जोखता जोखता विचारतात, "तहमीना कशी बोलती, करून दाखव की." मी सांगते, पैज हरलेय. लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.