घराभोवतीचं चालणं

इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. म्हणाल्या, "रक्त कमी आहे, साखर काठावर आली आहे. भात-भाकरी निम्मी करा; डाळ, उसळ, अंडी वाढवा. आणि रोज पाऊण तास भरभर चाला."

"दिवसभर रानात वाकलेलीच असते की मी."

"त्यानं कंबर मोडते. चालण्यानं दम वाढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आवरून, साडीवर बूट घालून मी कळसच्या रस्त्याला लागले. पहिल्याच मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवली. "वहिनी, कुठं सोडू?" नको म्हटलं. मागचाही थांबला. परत आले तर आमचे हे दारात फोन धरून उभे. माझं माहेर त्याच रस्त्याला. मी भांडून निघाले, ही बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "आपल्यातल्या बाया अशा हात हलवत हिंडत न्हाईत. चालायचं तर घराभवती चाल."

तेव्हापासून गोठा, हौद, सरपणाचा ढीग, परत गोठा. म्हशी सुरुवातीला मान वर करून बघायच्या, मग त्यांनीही सोडून दिलं. डाळिंबाच्या ओळी लांबवर गेलेल्या दिसायच्या आणि मी त्याच कोपऱ्यावर वळायची. उघड्यावर असूनही जीव कोंडायचा.

जेवणाचं तर त्याहून अवघड. मोड आणून मटकीची उसळ मीच करायची; पण आधी मामंजी आणि हे बसायचे, आत्या आग्रह करकरून वाढायच्या. मला तळाचा रस्सा आणि भात उरायचा. भात निम्मा केला तर पोट कशानं भरायचं? एक दिवस वाटीभर उसळ मी आधीच काढून झाकून ठेवली. आत्यांनी झाकण उचललं.

"ही कुणाची?"

"माझी."

"गडीमाणसांच्या आदी?"

"बाईंनी औषधासारखी घ्या म्हणून सांगितलंय."

त्यांनी झाकण परत ठेवलं. भिंतीकडं तोंड करून मी ती उसळ खाल्ली. चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं. तरी वाटी रोज काढत राहिले.

पुढच्या तपासणीत रक्त वाढलं होतं. साखर होती तिथंच. "चालणं अजून वाढवा," बाई म्हणाल्या. हे शेजारीच बसून ऐकत होते.

येताना फाट्यावर मी म्हटलं, "इथं उतरवा. मी चालत येते."

"लोक काय म्हणतील?"

"बाई काय म्हणाल्या, ते तुमी ऐकलं न्हाय का?"

त्यांनी गाडी थांबवली. मी उतरून चालू लागले. जरा वेळानं मागून गाडीचा आवाज आला, पण गाडी पुढं काही गेली नाही. वळून बघितलं तर हे पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला लावत माझ्या मागं.

"आता कुणी काय बोलणार न्हाय," ते म्हणाले. "मी हाय की मागं."

त्यांचा चेहरा खरंच काळजीनं भरलेला होता. रागावताही येईना. इंजिनची घरघर पाठीवर घेत मी घरापर्यंत चालले, हात अंगाशी धरून.