बाटली भरली का?

चार-चार तास एका खोलीत सुया टोचून पाडून ठेवलेल्या माणसांकडं साठणार काय? एक पाणी साठतं, दुसरे किस्से. पाणी मशीन काढून टाकतं. किस्से काढणारं मशीन अजून निघालेलं नाही, म्हणून तुमच्यापुढं बसलेय. कंटाळलात तर सरळ बेल मारा आणि उतरा!

मी वडगावची. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. माझ्याआधी किडन्याच रिटायर झाल्या. आठवड्यातून दोनदा लोणावळ्याला डायलिसिस. माझ्या शेजारच्या बेडवर कामशेतचे सुलेमानभाई, तांदळाचे व्यापारी. त्यांच्या पलीकडं पवनेकडचे बबनआबा, भात पिकवणारे. लघवी बंद झालेल्या माणसाला पाणी म्हणजे विष हो. दिवसाला एक छोटी बाटली सकाळी भरून घ्यायची, चहा-आमटी सगळं त्यातच. ती संपली की दुसऱ्या दिवसापर्यंत नळाकडं नुसतं बघायचं.

*

चोरून प्यालेलं पाणी काट्यावर कळतं. मशीनला लावायच्या आधी वजन करतात ना!

एकदा आबा काट्यावर चढले आणि सिस्टर ओरडली, "आबा, केवढं वाढलंय! किती प्यालात?"

"पाणी न्हाई ओ, चप्पल वली हाय."

चप्पल काढली. काटा जागचा हलेना.

"टोपी बी वली हाय."

टोपी काढली. काटा तिथंच. आबांचा हात धोतराकडं गेला तसे सुलेमानभाई दारातून ओरडले, "बस्स आबा! लेडीज आहेत हितं!"

मी एवढी हसले की माझं बीपी दोनदा घ्यावं लागलं.

*

रमजानात डॉक्टरांनी सुलेमानभाईंना बजावलं, "तुम्ही रोजे धरायचे नाहीत."

"साहेब, माझा बारा महिने रोजाच चालू आहे. तुम्ही इफ्तार कधी ते सांगा!"

डॉक्टर हसले. आम्ही नाही हसलो. जीभ टाळूला चिकटलेली असते तेव्हा हसायलासुद्धा थुंकी लागते.

*

आबांची बायको गेलेली, मुलं चाकणला. नवीन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आबा, घरी कोण असतं?"

"टीव्ही."

"आणखी कोण?"

"रिमोट."

बाईंना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्या दिवशी आबांच्या फुप्फुसापर्यंत पाणी चढलेलं होतं. मग खरं सांगितलं त्यांनी. "सांच्याला घर खायला उठतं. तांब्या हातात घेतला की कुनाच्या तरी संगट बसल्यावानी वाटतं."

ह्यावर काय औषध लिहून देणार?

*

औषध सुलेमानभाईंनी काढलं. रोज सकाळी दुकान उघडलं की आबांना फोन. "बाटली भरली का?" सांजच्याला पुन्हा, "किती उरलं? खोटं बोललास तर तुझं भात घेणार नाही!" आबा त्यांना अशा शिव्या द्यायचे, की मी कंडक्टर असून कानावर हात ठेवायची. मग सुलेमानभाई भाव सांगायचे, आबा पावसाचं सांगायचे. अर्धा-अर्धा तास! तेवढा वेळ तांब्या बाजूला राहायचा.

महिन्याभरात आबांचं वजन जागेवर आलं. सिस्टरनं विचारलं, "आबा, कुठली गोळी चालू केली?"

"गोळी कसली? कामशेतवाला शेठ दोन टाइम डोकं खातो, त्यानं प्वाट भरतं."

*

भाताची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सुलेमानभाई दुकानातच बसल्या जागी गेले. हार्ट. आम्ही मंगळवारी गेलो तर त्यांच्या मधल्या बेडवर नवी चादर आणि चादरीवर नवा पेशंट. वेटिंग असतं ना मोठं. एसटीतसुद्धा उतरणाऱ्याला आधी उतरू देतात हो! मला त्या नव्या माणसाचा इतका राग आला. त्याचा काय दोष? तोही मरायलाच टेकलेला.

त्या आठवड्यात सुलेमानभाईंच्या मिसेस सेंटरला आल्या. त्यांची बाटली आबांच्या हातात दिली. हिरव्या बुचाची. "भाऊ, घरात बघवत नाही. तुम्ही ठेवा."

आबांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली. पिशवीत आपल्या बाटलीशेजारी ठेवली.

*

मग मी ठरवलं, फोन आपण करायचा. सकाळी लावला. "आबा, बाटली भरली का?"

"भरली."

सांजच्याला लावला. "किती उरलं?"

"मास्तरीणबाई," आबा म्हणाले, "तुमी तिकीट तपासल्यागत इचारता. ऱ्हाऊ द्या. तुमच्यानं न्हाई व्हायचं ते."

खोटं कशाला बोलू, लागलं मला. पण बरोबर होतं त्यांचं. मला ना भाताचा भाव कळतो, ना तशा शिव्या येतात. तरी रोज लावत राहिले. आबा उचलायचे, "भरली" म्हणायचे, ठेवायचे. पुढं पुढं उचलेनात. मुलाचा नंबर मिळवून त्याला फोन केला. तो म्हणाला, "बघतो." मी देवालासुद्धा शिव्या दिल्या त्या दिवशी.

*

शुक्रवारी आबा आलेच नाहीत. मंगळवारी आले ते रिक्षावाल्यानं धरून आणलेले. तोंड सुजलेलं, पाय टम्म, एकेक श्वास ओढून घेताहेत. हातात तीच पिशवी. दोन्ही बाटल्या रिकाम्या.

चपलेसकट काट्यावर चढवलं. टोपीचं नाव नाही, चपलेचं नाव नाही. सिस्टरनं काटा बघितला आणि रडायलाच लागली. "आबा, खरं सांगा, रोज किती पाणी प्यालात?"

आबांनी मधल्या बेडकडं बघितलं.

"दोघांचं."