बोक्याची मिशी

आमच्या साडूंना सगळे पकडराव म्हणतात, कारण खिशात पकड नसेल तर ते जेवायलाही बसत नाहीत. वीज कंपनीत बत्तीस वर्षं वायरमन. एवढ्या वर्षांत आपल्याला एकही मेमो मिळाला नाही, हे त्यांनी मला निदान बत्तीस वेळा तरी ऐकवलं असेल. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि तेवढ्यात आमच्या भागात कला आली.

परिसर सौंदर्य समितीने रस्त्यांवरच्या विजेच्या अकरा पेट्या रंगवायला घेतल्या. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी ब्रश धुवायला गेलो होतो. कोपऱ्यावरच्या पेटीवर अध्यक्षबाईंनी स्वतः बोका काढला. खाली तसं लिहिलं होतं, म्हणून तो बोका.

साडू ड्यूटीवर तिथून चालले होते. ते थांबले.

"बाई, दाराच्या फटीत रंग भरू नका. दार चिकटेल. आणि ही जाळी सोडा, आतली गरमी तिथूनच बाहेर जाते."

"अहो दादा, जाळी सोडली तर बोक्याला पोट कुठून आणू?"

सगळे हसले. मीही हसलो. साडूंनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हातात ब्रश देऊन त्यांचा फोटो काढला.

उन्हाळ्यात एका दुपारी ती पेटी तापून फ्यूज उडाला. समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे एक पेशंट तोंड उघडं ठेवून अंधारात पडला होता. साडू धावले, तर दार उघडेना. त्यांनी कडेने पातं फिरवलं, पेचकस घालून दार उचकटलं आणि वीस मिनिटांत वीज आणली. या झटापटीत बोक्याचा एक कान आणि अर्धी मिशी गेली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर शोककळा पसरली. 'हा कलेवरचा हल्ला आहे,' असं एकाने लिहिलं. ज्यांना वीस मिनिटांत पंखा मिळाला होता, त्यांनीच पंख्याखाली बसून रडके चेहरे पाठवले. तक्रार गेली. साहेबांनी साडूंना निरोप दिला, "लेखी माफी द्या, नाहीतर मेमो काढावा लागेल."

साडू आणि मेव्हणी आमच्याकडे आले.

"लिहून टाका हो," मेव्हणी म्हणाली. "त्या कोऱ्या फाइलीपायी बत्तीस वर्षं माझं डोकं खाल्लंत. आता चार महिन्यांसाठी कशाला ताठा?"

साडू माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात ना तिथे? समितीला सांगाल, मी बजावलं होतं म्हणून?"

मी म्हणालो, "मी काय सांगणार? माझं कोण ऐकतंय?"

त्यांनी कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'पेटी रंगवताना मी तीन वेळा बजावले होते. चौथ्यांदा बजावायला हवे होते, ते राहिले. त्याबद्दल माफी असावी.'

दुसऱ्या दिवशी लाजेपोटी मीही त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. साहेबांनी कागदाची शेवटची ओळ पाहिली. "झालं तर. मिटलं. मेमो नाही."

"हा कागद माझ्या फाइलीला लागेल ना?"

"मेमोच नाही, तर उत्तर कशाला लावायचं?" साहेबांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये सारला.

"म्हणजे मी तीनदा सांगितलं होतं, हे कुठेच राहणार नाही?"

"अहो, सुटलात ना? जा घरी."

साडू उठले नाहीत. हात खिशातल्या पकडीवर गेला.

"साहेब, मग मेमो काढा."

"वेड लागलंय का तुम्हाला? चार महिने राहिलेत!"

"काढा. हेच उत्तर देतो मी. मग दोन्ही फाइलीला लावा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी साहेबासमोर तोंड उघडलं. म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं. मी तिथे होतो."

टंकलेखक बाईंनी विचारलं, "कारण काय टाकू?"

"बोक्याची अर्धी मिशी," साडू म्हणाले. "आणि एक कान. कान विसरू नका."

कागद आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि पोचपावतीवर सावकाश सही केली.