बोट ठेवलं म्हणजे उघडलं

माझी आत्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. औषधाच्या बाटल्यांची लेबलं, बसची तिकिटं, शाळांच्या उत्तरपत्रिका; गिऱ्हाइकाची ईमेल आली की मजकूर काढून जुळवायचा, हे तिचं काम. तोंडाची फटकळ, हाताची पक्की. यंत्रावरचे गडीही तिला आत्याच म्हणत आणि तिच्या वाटेला जात नसत.

तेव्हा ईमेल फोनच्या तारेतूनच यायची, आणि ती येईस्तोवर फोन मुका.

एका सकाळी जुन्या गिऱ्हाइकाच्या नावानं ईमेल आली. वर लिहिलेलं, 'तुमच्यासाठी गंमत'. त्या बाबानं जन्मात कधी गंमत केली नव्हती. आत्याला व्हायरसचा वास आला. ती घाण तिनं पुसायला घेतली. पण पुसायची तर आधी माउसनं तिच्यावर बोट ठेवावं लागे, आणि बोट ठेवलं की पडद्याच्या खालच्या भागात ती आपोआप उघडी पडे. प्रोग्रामच तसा बनवलेला. म्हणे सोय! चोराला हाकलायला कडीला हात लावावा आणि दार सताड उघडावं, असली सोय.

दुपारपर्यंत कॉम्प्युटरमधली लेबलांची सगळी चित्रं पुसली गेलेली, आणि तीच गंमत छापखान्याच्या नावानं गिऱ्हाइकांच्या घरात शिरलेली.

मालक तणतणत आले. "बाई, तुम्ही उघडलीत."

"मी पुसत होते."

"पुसताना उघडते होय? एकेका गिऱ्हाइकाला फोन करा. सांगा, चूक माझी. नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला मशीन साफ करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मालक, ईमेलच्या प्रोग्राममधलं हे भोक जुनंच आहे. ते बुजवायचा प्रोग्राम कंपनीनं कधीच दिलाय. मी उतरवायला बसलो होतो, तर फोन अडकतो म्हणून तुम्हीच उठवलंत."

"ते राहू द्या. उघडली कुणी, ते बोला."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोक ठेवलं कंपनीनं, बुजवू दिलं नाही मालकानं, आणि खापर फोडायला हिचं डोकं. तिनं एकही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली, हात मांडीवर. थोड्या वेळानं हाळी दिली, "मालक, ईमेल आलीय. बोट ठेवू?"

"ठेवा की."

"ठेवलं म्हणजे उघडलं. उघडू का ते सांगा, सगळ्यांदेखत."

"उघडा."

पुढची आली, पुन्हा हाळी. गड्यांनी यंत्रं थांबवली. "मालक, आत्या बोलावतेय," म्हणत ते तोंडावर फडकं धरून हसत होते. मालक खुर्चीतून उठउठून घामाघूम. मग तीच 'गंमत' दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून परत आली.

"उघडू?"

"नको, नको. पुसा."

"पुसायचं तर बोट ठेवावं लागतं. म्हणजे..."

"कळलं."

"काय कळलं, ते मोठ्यानं बोला."

 मालकांनी दुरुस्तीवाल्याला बोलावणं धाडलं. भोक बुजवायचा प्रोग्राम उतरेस्तोवर दिवसभर फोन अडकला, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी तार मोकळी झाली तसा मालकांनी स्वतःच गिऱ्हाइकाला पहिला फोन लावला. घसा खाकरून म्हणाले, "कालचं ते... चूक आमची झाली."

आत्या पिशवी खांद्याला लावत होती.

"आमच्यात मला धरू नका," ती म्हणाली.