डबल बेल

"चला, पुढं सरका. पुढं लई जागा हाय." काठी टेकत व्यायामाच्या खोलीत शिरताना आण्णा हे म्हणणारच. खोलीत आम्ही असायचो जेमतेम चारपाच जणं.

असे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील, रिटायर झाले तरी गाडीतून न उतरलेले. लकव्यानं आण्णांचा उजवा पाय धरला होता. मी फिजिओथेरपिस्ट. जर्मनीतल्या नोकरीवरून मन पार उडालं, म्हणून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन परंड्याला आले आणि या खोलीत फुकट काम करू लागले. 'फुकट' ऐकून आण्णा म्हणाले, "म्हंजे तुमी पासवाल्या."

लेक कुर्डुवाडीला. तिच्या घरी एकदा एसटीनं, कुणी न उचलता जायचं, एवढाच त्यांचा ध्यास. जावई जीप पाठवायला तयार होते. "जीपमधी पोत्यावानी घालत्यात मला. न्हाय जायचं."

पण पाय काही उचलेना. मी "एक, दोन" म्हणायचे, ते नुसते बघत उभे. एकदा वैतागून मी त्यांच्या स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं दोनदा वाजवलं. पाय उचलला.

"डबल बेलशिवाय गाडी हालती व्हय?" आण्णा म्हणाले.

मग तेच सुरू झालं. दोन ठोके, चला. एक ठोका, थांबा. एकदा शेजारच्या घरात भांडं पडलं, तर आण्णा तिथंच थबकले. मी "चला" म्हटलं तरी हलेनात. "प्याशिंजर उतरतोय," म्हणाले. मी हसून हसून बेजार.

उन्हाळा सरताना आम्ही स्टँडवर गेलो. आण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, आधीच खिडकीशी जाऊन बसल्या. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, ते मला त्या दिवशी कळलं. तरुण कंडक्टरनं हात पुढं केला.

"हात नगं. बेल द्या."

मी पिशवीतून पेला काढला. पहिल्यांदा पाय घसरला. पुन्हा वाजवलं, आणि आण्णा चढले. आत जाऊन दोरी त्यांनीच ओढली, दोनदा. गाडी गेली आणि मी स्टँडवर उभी राहून खुशाल रडले.

माझं कामावरचं मन त्यांच्यामुळं परत बसलं, हे मी जर्मनीला परत निघताना त्यांना सांगितलं. "मंग पास वसूल झाला," म्हणाले, आणि पेला माझ्या हातात दिला.

गेल्या वर्षी आण्णा गेले. काकूंचा फोन आला होता.

परवा इथं एका जर्मन आजींचा पाय उचलेना. मी पेल्यावर दोनदा वाजवलं. त्यांनी एसटी कधी पाहिलेली नाही. तरी पाऊल पडलं, आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "पुढं सरका. पुढं लई जागा हाय."