ढगाळ शनिवारी सुटलेला झेल

शेखर भाऊजींनी सगळं आयुष्य स्कूटरवर काढलं, गाडी कधी शिकले नाहीत. म्हणून गाडी चालवायला मी त्यांच्याबरोबर गेले. क्रिकेटच्या ओढीने गेले असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, नागपूरचे. तरुणपणी रणजी खेळायचे. त्या काळात त्यांनी तीन उन्हाळे उत्तर आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या क्लबसाठी 'प्रो' म्हणून काढले. तिकडे प्रत्येक क्लब बाहेरून एक पगारी खेळाडू आणतो. त्याला क्लबमधल्या कुणाच्या तरी घरी खोली मिळते. बदल्यात त्याने धावा करायच्या, विकेट काढायच्या, गावातल्या पोरांना शिकवायचं आणि रोलरही ओढायचा. भाऊजींनी शिकवलेल्या पोरांपैकी एक, रॉरी डनवुडी, पुढे आयर्लंडकडून खेळला. २००७च्या विश्वचषकानंतरच्या उन्हाळ्यात भाऊजी लंडनला, ईलिंगमध्ये आमच्याकडे आले होते, तेव्हा त्याचाच फोन आला. "प्रो, दोन दिवस ये. मला चेंडू टाक. शनिवारी निवड समितीचा माणूस येतोय."

ल्यूटनहून बेलफास्टचं विमान लवकर काढलं तर मँचेस्टरच्या ट्रेनपेक्षा स्वस्त पडतं. विमानतळावरच गाडी भाड्याने घ्या, कारण पुढे बसच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ग्लेनशेनच्या घाटात धुकं इतकं होतं की जूनमध्ये मी दिवे लावून चालवत होते. घाट उतरल्यावर डेरी, तिथून दक्षिणेला स्ट्रबेनचा रस्ता. एका गावात फुटपाथच्या कडा ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेल्या, पुढच्या गावात खांबाखांबावर तिरंगी आयरिश झेंडे. कुठे आलोय हे पाटीच्या आधी रंगच सांगतो. रॉरीच्या गावच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या आहेत आणि तो देशासाठी हिरवी टोपी घालतो, कारण क्रिकेटमध्ये सगळ्या बेटाचा संघ एकच आहे. मी त्याला त्याबद्दल विचारलं. "गावात कुणी काही बोलत नाही," तो म्हणाला. "हरलो की मात्र बोलतात."

तो तेहतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा. गोठ्यांमध्ये दूध काढायची यंत्रं बसवायचं काम करतो. दहा वर्षांत जे काही खेळला ते बिनपगारी रजा घेऊन. विश्वचषकाला राखीव खेळाडू म्हणून गेला होता, एकही सामना मिळाला नाही. आता काही खेळाडूंना पहिल्यांदाच पगारावर घेणार असं बोललं जात होतं. त्याचं वय पाहता ही शेवटची संधी होती.

त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. बायको कामावर गेली होती, म्हणून चहा त्यानेच केला. ओतताना किटलीची चोच त्याने आधी कपाच्या काठावर टेकवली, टक् असा आवाज झाला, मगच चहा सोडला. माझ्या कपालाही तसंच, भाऊजींच्याही. माझी आजी मोतीबिंदूच्या दिवसांत अशी ओतायची. मी भाऊजींकडे पाहिलं. ते भिंतीवरची हिरवी टोपी बघत होते.

संध्याकाळी सरावाच्या जाळीत भाऊजी चेंडू टाकत होते आणि मी बाकावर कुडकुडत होते. (जून असला तरी स्वेटर न्या.) क्लबमधले दोघे-तिघे जुने ओळखीचे जमले.

"प्रो, हे पोट कुठल्या देशातून आणलंस?"

"तुझ्या आईच्या बटाट्याच्या पावाचं आहे," भाऊजी म्हणाले. "वीस वर्षं झाली, अजून उतरलं नाही."

हसणं झालं, ते लोक गेले. भाऊजी मात्र थांबले होते. चेंडू हातात घेऊन ते रॉरीच्या उभं राहण्याकडे बघत होते. डावा खांदा पुढे ठेवायचं सोडून तो छाती जवळजवळ समोर करून उभा होता.

"असं कुणी शिकवलं तुला?"

"आता सगळेच उभे राहतात असे."

भाऊजी चालत त्याच्यापर्यंत गेले. "उजवा डोळा मीट."

"नको, प्रो."

"मीट म्हणतो ना."

रॉरीने मिटला नाही. हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं आणि सांगून टाकलं. विश्वचषकाहून परतल्यावर लगेच, बंदिस्त हॉलमध्ये, स्वीप मारताना चेंडू बॅटच्या कडेला लागून डाव्या डोळ्यावर आला. त्या दिवशी हेल्मेट घातलं नव्हतं. आता त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. फक्त बायकोला माहीत होतं. मोठ्या डॉक्टरकडे गेला नाही, कारण बातमी फुटली असती.

"शनिवारी तो माणूस तुला विचारणार," तो म्हणाला. "तुझ्या शब्दाला मान आहे. तू फक्त ठीक आहे म्हण."

गाडीत बसल्यावर मी चहाचं सांगितलं. "तू पाहून राहिली होती ना," भाऊजी म्हणाले, "मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?" मी गाडी सुरू केली. मग तेच म्हणाले, "मी खोटं नाही बोलणार. पण खरं बोलायला तरी मी कोण? त्याची दहा वर्षं आहेत."

ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंनी सकाळी मांस वगळून तळलेला नाश्ता दिला: बटाट्याचा पाव, सोडा ब्रेड, अंडी, टोमॅटो. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, दुपारपर्यंत भूक लागत नाही.

शनिवारी आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. रॉरीचे वडील काठी टेकत आले आणि पॅव्हेलियनसमोर खुर्चीत बसले. निम्मं गाव आलं होतं. रॉरीने साठच्या वर धावा केल्या. संथ गोलंदाजी होती, त्याला वेळ मिळत होता. प्रत्येक चौकाराला वडील काठी लाकडी पायरीवर आपटत.

डाव संपला की त्या क्लबात चहा होतो. सँडविच, स्कोन म्हणजे गोडसर छोटे पाव, आणि मोठ्या किटल्या. तिथला रिवाज असा, की ज्याच्या धावा सर्वांत जास्त त्याने पाहुण्यांना चहा ओतायचा. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि रॉरीच्या हातात किटली दिली. निवड समितीचे गृहस्थ समोरच बसले होते, कप पुढे करून. रॉरीने एकदा भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजी उठले. "आज मी ओततो. तीन वर्षं तुमचा चहा फुकट प्यायलोय." किटली त्यांनी काढूनच घेतली. सगळे हसले. ते टेबलभर फिरले, एक थेंब सांडला नाही.

"काय वाटतं, पोराबद्दल?" गृहस्थांनी विचारलं.

"तुम्ही पाहिलंच की."

खोटं नव्हतंच ते. मी स्कोनवर लोणी लावत होते, ते लावत राहिले.

चहानंतर प्रतिस्पर्ध्यांचा डाव सुरू झाला. थोड्या वेळाने एक चेंडू उंच उडाला, सरळ रॉरीच्या दिशेने. शाळेतल्या पोरानेही घेतला असता असा झेल. तो खाली उभा राहिला, ओंजळ करून. चेंडू त्याच्या हातांपासून चांगला वावभर मागे पडला. त्याने हात मिटले तेव्हा त्यात काहीच नव्हतं, आणि चेंडू कुठे गेला हे शोधायला तो भलत्या बाजूला वळला.

मग कुणीतरी ओरडलं, "डोळ्यात ऊन गेलं का रे?" आभाळात उन्हाची तिरीपही नव्हती. दोघे-चौघे हसले आणि मध्येच थांबले.

"हो," रॉरी म्हणाला. "ऊन."

गृहस्थ आणखी थोडा वेळ बसले, मग कोट उचलून गेले. भाऊजींना त्यांनी काही विचारलं नाही. वडिलांची काठी पुन्हा वाजली नाही.

सामन्यानंतर आम्ही गाडीपाशी होतो तेव्हा रॉरी आला. हातात पॅड्स तशीच.

"तू मला ओतू द्यायला हवं होतंस, प्रो."

"रॉरी, मी…"

"टेबलावर सांडला असता. चार माणसांत. बाबा बाहेर खुर्चीत होते, त्यांनी पाहिलं नसतं." त्याने भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि गेला.

परतीच्या घाटात धुकं नव्हतं. खाली गोर्सची काटेरी झुडपं पिवळी फुलली होती, मेंढ्या रस्त्यावर होत्या. तुम्ही गेलात तर तिथे थांबा, फोटो छान येतील. आम्ही थांबलो नाही. एक व्यवहाराची गोष्ट: उत्तर आयर्लंडच्या बँकांच्या नोटा तिकडेच खर्च करून या. ईलिंगच्या दुकानदाराने माझी नोट उलटसुलट पाहून परत केली.

संघ जाहीर झाला, त्यात रॉरी नव्हता. त्याने भाऊजींना फोन केला. आता मोठ्या डॉक्टरला दाखवलं होतं. दृष्टी परत येणार नाही म्हणाले. वडिलांनी अजून डोळ्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. फक्त भिंतीवरची टोपी आपल्या खोलीत नेऊन ठेवली आहे.

भाऊजी नागपूरला गेले. जाताना विमानतळावर म्हणाले, "मी त्याला वाचवून राहिलो होतो गं." मी मान हलवली.

तेव्हापासून तो चहा मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते. भाऊजींना दोष देणं सोपं आहे, ताईला फोनवर मी जवळजवळ दिलाही. पण रॉरीच्या हातात किटली आली तेव्हा मीही खुर्चीतून अर्धी उठले होते. भाऊजींचा हात आधी पोचला, एवढंच.