कोआलाचं लिव्हर

हिंडलग्यात आमच्या शेजारी राहणारी ती, ऑस्ट्रेलियात कोआलाच्या लिव्हरवर संशोधन करून आलेली. आमच्याकडं औषधाची उरलेली गोळी शेजारी देणं म्हणजे भाजीची वाटी देण्यासारखंच. आई पुडी बांधताना दिसली की ती कुंपणावरून ओरडते, "मावशी, थांबा!" मग स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवून, जणू कोआलाचं लिव्हर तिथंच आहे, सांगते, "कोआला निलगिरीचा विषारी पाला खातंय. त्याचं लिव्हर ते विष झटक्यात मोडून टाकतंय, आणि औषध दिलं तर तेबी. एकाचा डोस दुसऱ्याला चालत न्हाय!" मला ती आवडते. जनावराच्या लिव्हरसाठी इतकं पोटतिडकीनं भांडणारं गल्लीत दुसरं कुणी नाही.

आई मन लावून ऐकते, "व्हय गं" म्हणते आणि पुडी देऊन टाकते.

परवा तीच कपाळाला रुमाल बांधून दारात आली. खाली बघत म्हणाली, "मावशी, डोकं लई दुखतंय. ती पांढरी गोळी हाय का?"

आईनं तिच्या हातावर तीन ठेवल्या.

"तीन?"

"घे गं. इतकी वर्षं त्या कोआलांच्यात राहिलीस, तुला एकीनं काय होतंय?"